पाण्याने तोडलेल्या वाटा

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा आणि वेण्णा सह्याद्रीकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतात, सावित्री कडा उतरून कोकणात जाते. कोयनेची चाल वेगळी आहे. सह्याद्रीची मुख्य धार उजव्या हाताला ठेवून ती सुमारे ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहत जाते. हेळवाकपाशी काटकोनात वळून पूर्वेकडे निघते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडेच कोयना धरण उभं आहे. नदी डोंगराला समांतर वाहत असल्याने धरणाचं पाणी गोल तळ्यासारखं पसरलं नाही. ते तापोळ्यापर्यंत, जवळजवळ ५० किलोमीटर लांब, अरुंद खोऱ्यात उत्तरेला चढत गेलं. वाटेत जिथे जिथे ओढा किंवा उपनदी भेटली, तिथे ते बोटं पसरून आत शिरलं. हाच शिवसागर जलाशय.

नकाशा समोर धरला की या भागातल्या डोंगरवाटांचं मर्म कळतं. जलाशयाच्या पूर्वेला सातारा-जावळीचा देश, पश्चिमेला घनदाट रानाने झाकलेली सह्याद्रीची धार, आणि धारेपलीकडे एकदम तुटलेले कडे. त्यांच्या पायथ्याशी खेड आणि चिपळूण तालुक्यातली गावं. धरणापूर्वी देशावरची माणसं डोंगर उतरून कोयनेच्या पात्रात यायची, नदी ओलांडून समोरचं रान चढायची आणि एखाद्या नाळेने कोकणात उतरायची. मीठ, सुकी मासळी, तांदूळ, गूळ या वाटांनी फिरत होता. लेकी-सुना याच वाटांनी माहेरी जात-येत होत्या. धरणाने या वाटा मधोमध तोडल्या. दोन्ही टोकं डोंगरात शाबूत राहिली, मधला नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला.

म्हणून आज साताऱ्याहून वासोटा किल्ल्याला निघालेला माणूस एकच जुनी वाट तीन तुकड्यांत चालतो: कासच्या पठारावरून बामणोलीपर्यंत डांबरी रस्ता, तिथून लाँच, आणि पलीकडच्या काठावरून पायी.

बामणोलीत पहिलं काम परवान्याचं. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा आहे. १९८५ मध्ये घोषित झालेलं हे ४२३ चौरस किलोमीटरचं अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा उत्तरेकडचा भाग आहे. दक्षिणेकडचा भाग म्हणजे चांदोली राष्ट्रीय उद्यान. वनखात्याकडे नावनोंदणी करायची, शुल्क भरायचं, मग बोट ठरवायची. बोटी स्थानिकांच्या आहेत आणि त्या चालवणाऱ्यांत अनेक जण बुडालेल्या गावांच्या घरांतले आहेत. बोट सुरू झाली की दीड तासाचा जलप्रवास. थंडीच्या दिवसांत सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि दोन्ही बाजूंचे डोंगर त्यातून हळूहळू सुटे होत जातात. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की काठावर तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात. आणखी उतरलं की जुन्या घरांची जोती आणि दगडी बांध वर येतात. जुन्या पिढीतल्या नावाड्यासोबत बसावं आणि त्याला विचारत जावं. पाण्याच्या एकसारख्या पसाऱ्यातही त्याला ओढा कुठे होता, शिवार कुठे होतं, नदीचा उतार कुठे होता हे नेमकं माहीत असतं.

मेट इंदवलीला बोट लागते. जुन्या किल्ल्यांच्या मेटांवर पहारेकऱ्यांची वस्ती असे. आज तिथे वनखात्याची चौकी आहे. पाठपिशव्या तपासल्या जातात, प्लॅस्टिकच्या वस्तूंची नोंद होते आणि परतताना त्या सगळ्या दाखवाव्या लागतात. काही जण या तपासणीला कंटाळतात. मला ती या वाटेवरची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सह्याद्रीतल्या नावाजलेल्या कित्येक गडांवर टाक्यांतून बाटल्या तरंगताना दिसतात. वासोट्याची वाट अजून स्वच्छ आहे, याचं श्रेय या चौकीला आणि तिथे उन्हापावसात बसणाऱ्या वनरक्षकांना द्यायला हवं.

चौकीपासून थोड्या अंतरावर मारुतीचं मंदिर आणि ओढा. इथून चढ सुरू होतो आणि आकाश झाकलं जातं. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, मधूनच एखादा प्रचंड आंबा. या सदाहरित आणि निमसदाहरित रानात भर दुपारी सावली जमिनीवर टिकून असते. वरून करकरता आवाज आला तर मान वर करून थांबावं. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना दिसण्याची शक्यता चांगली असते. पायवाटेच्या कडेला अस्वलाने उकरलेली वारुळं, सांबराच्या लेंड्या, गव्यांच्या खुरांनी खोल दाबलेला चिखल. जनावर प्रत्यक्ष दिसो न दिसो, आपण कोणाच्या घरातून चाललो आहोत याच्या खुणा पावलोपावली असतात. पावसाळा नुकता सरलेला असेल तर जळवाही भेटतात. सुमारे दोन तासांच्या चढानंतर वाटेला फाटा फुटतो. एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे जाते, दुसरी किल्ल्याकडे.

शेवटच्या टप्प्यात झाडं सुटतात, कोरीव पायऱ्या लागतात आणि पडक्या दरवाजातून वासोट्यावर प्रवेश होतो. शिवकाळात या गडाला व्याघ्रगड असंही नाव होतं. माथ्यावर बिनछपराचं मारुतीचं मंदिर, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ, वाड्याचे आणि चुन्याच्या घाण्याचे अवशेष एवढंच उरलं आहे. गडाचा मुख्य बचाव तटबंदीपेक्षा भोवतालच्या रानाने आणि कड्यांनी केला. त्यामुळेच तो कैद्यांसाठी निवडला गेला. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले गेले, तेव्हा त्यांतल्या काहींना इथे आणून ठेवलं होतं.

या गडावरची सर्वांत जिवंत आठवण मात्र एका स्त्रीची आहे. दुसऱ्या बाजीरावाने पंतप्रतिनिधींना कैदेत टाकलं, तेव्हा त्यांच्या बाजूने ताई तेलीण उभी राहिली. तिने फौज जमवली, वासोटा ताब्यात ठेवला आणि पेशव्यांचा सेनापती बापू गोखले चालून आल्यावरही १८०६-०७ च्या सुमारास कित्येक महिने गड झुंजवला. गडावरच्या धान्यकोठाराला आग लागली आणि तिचा नाइलाज झाला. माथ्यावर चालताना हा तपशील डोळ्यांसमोर ठेवावा. खाली जलाशय नव्हता, कोयनेचं साधं पात्र होतं. रसद आणायची ती याच रानातून, डोक्यावर घेऊन. कोठार जळाल्यावर गड टिकणार नाही, हे इथला चढ चढून आलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

पुढे एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरची फौज आली. वासोट्यासमोर, मधल्या दरीपलीकडे, जुना वासोटा नावाचा तेवढाच बुलंद डोंगर आहे. इंग्रजांनी त्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला. गड लवकरच पडला. त्या वेळी प्रतापसिंह छत्रपतींच्या कुटुंबातली माणसं आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी गडावर कैदेत होते. जुन्या वासोट्याची वाट आज रानाने गिळली आहे आणि तिकडे जाण्याचा हट्ट कोणी करू नये.

नव्या आणि जुन्या वासोट्याच्या मधला अर्धगोल कडा म्हणजे बाबू कडा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्यांना त्याची आठवण इथे हमखास होते. कड्याच्या तोंडाशी उभं राहिलं की एका बाजूला शेकडो मीटर खाली कोकणातली कौलारू घरं आणि शेतं, आणि गडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन पाहिलं की जंगलाच्या पलीकडे शिवसागराचं पाणी. कोकण आणि देश, दोन्ही एकाच माथ्यावरून दिसतात. खालून येणारा वारा इतका जोराचा असतो की बोलणं ऐकू येत नाही. आमच्यातले सगळे जण कड्यापासून अंतर राखून बसले आणि बराच वेळ कोणी उठायचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या फाट्याने नागेश्वराला जाता येतं. धारेवरून जाणारी ही वाट कधी दाट कारवीतून, कधी उघड्या कड्यालगत जाते. कड्याच्या पोटात मोठी नैसर्गिक गुहा, आत शिवलिंग, आणि छतातून ठिबकणारं पाणी. गुहेजवळून एक तीव्र उताराची वाट खेड तालुक्यातल्या चोरवणे गावात उतरते. महाशिवरात्रीला चोरवण्याकडून कोकणातली माणसं चढून येतात आणि देशावरची माणसं बोटीने, रानातून इथवर पोहोचतात. धरणाने वाट तोडली, अभयारण्याने वर्दळ थांबवली, तरी वर्षातला हा एक दिवस घाटाखालच्या आणि घाटावरच्या माणसांची गाठ अजून घालून देतो.

उत्तरेकडे, तापोळ्याच्या बाजूला, जलाशयाचं रूप बदलतं. सोळशी आणि कांदाटी या नद्या इथे कोयनेला मिळतात. कांदाटी खोऱ्यातल्या गावांना बाजाराला, दवाखान्याला जायचं तर बोट हाच वर्षानुवर्षं मोठा आधार राहिला आहे. या खोऱ्याच्या पश्चिमेला चकदेव, पर्वत आणि महिमंडणगड ही डोंगरांची माळ आहे आणि मुरलेल्या भटक्यांची ती आवडती वाट. पर्वतच्या माथ्यावर जोम मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे. महिमंडणगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. चकदेवला कोकणातल्या आंबिवलीकडून यायचं तर कड्याला लावलेल्या शिड्या चढाव्या लागतात. शहरातून आलेला गिर्यारोहक या शिड्या साहस म्हणून चढतो. घाटावरच्या माणसांनी त्या पाठीवर ओझं घेऊन, पोर कडेवर घेऊन चढल्या-उतरल्या आहेत.

दक्षिण टोकाला कोयनानगर. धरणाच्या भिंतीची उंची १०३ मीटर, साठा १०० टीएमसीहून थोडा अधिक. इथून नवजाकडे गेलं की ओझर्ड्याचा धबधबा लागतो. नवजाचा पाऊस महाबळेश्वरच्या तोडीचा; मोसमात ५,००० मिलिमीटर ओलांडणं इथे नवलाचं नाही. नवजाच्या वरच्या रानातून जंगली जयगडाची वाट जाते. चढ फार मोठा नाही, पण गवे आणि अस्वलं यांचा वावर असल्याने परवाना आणि माहीतगार वाटाड्या दोन्ही हवेत.

या गडाच्या टोकावरून खाली कोळकेवाडीचा जलाशय दिसतो आणि कोयनेची सगळी कहाणी एका नजरेत मांडली जाते. कोयनेचं पाणी स्वभावतः पूर्वेला, कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारं. धरण बांधणाऱ्यांनी डोंगर पोखरून ते पश्चिमेला वळवलं. सह्याद्रीच्या कड्याची उंची हीच त्यांची भांडवली संपत्ती. बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर कोसळणारं पाणी पुढे कोळकेवाडीत अडवलं जातं, पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशय रिकामा न करता तळाला छेद देऊन पाणी बोगद्यात घेतलं गेलं. अनेक दशकं महाराष्ट्रातल्या कारखान्यांची यंत्रं आणि घराघरांतले दिवे या कड्याच्या जोरावर चालले.

या पाण्याची दुसरी बाजूही इथल्या माणसांनी भोगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर परिसर जमीनदोस्त झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मोठ्या जलाशयामुळे भूकंप उद्भवू शकतो का, या प्रश्नाच्या जगभरातल्या अभ्यासात कोयनेचं नाव तेव्हापासून अग्रभागी आहे. लहान धक्के आजही बसतात. जमिनीखाली नेमकं काय घडतं हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र खोदलं आणि कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. या डोंगरांतून चालणारा माणूस दख्खनच्या काळ्या कातळाला अढळ समजतो. त्याच कातळाखालच्या हालचाली कराडमध्ये बसून मोजल्या जात आहेत.

आणि विस्थापन. धरणाने शंभराच्या आसपास गावं उठवली. काही माणसं डोंगरावर थोडी वर सरकून राहिली, काही सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठवली गेली. जी वर सरकली होती, त्यांच्यातल्या अनेकांवर पुढे अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पामुळे दुसऱ्यांदा उठायची वेळ आली. जमिनीच्या वाटपाचे, नोंदींचे, नागरी सुविधांचे प्रश्न इतके रेंगाळले की २०१८ मध्ये, धरण पूर्ण होऊन अर्धशतक उलटल्यावरही, प्रकल्पग्रस्तांना कोयनानगरला ठिय्या आंदोलन करावं लागलं. रानात एकाएकी ओळीने लावलेले आंबे, फणस दिसले, किंवा झाडांच्या मुळांनी कवळलेलं जोतं दिसलं, तर ते कोणाचं तरी अंगण आहे. आज आपण ज्याला घनदाट, निर्मनुष्य अरण्य म्हणून नावाजतो, त्याचा बराच भाग माणसं गेल्यामुळे दाटला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात.

कोयनेच्या दक्षिणेला ही धार थांबत नाही. हेळवाकहून समर्थ रामदासांच्या आठवणीशी जोडलेली रामघळ, पुढे भैरवगड, पाथरपुंज आणि प्रचितगड अशी वाट चांदोलीच्या रानात शिरते. प्रचितगडाला संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरकडूनही शिडीच्या आधाराने चढतात. चांदोलीतही जलाशय आहे. वारणेवरच्या धरणामागचा हा वसंतसागर ३४ टीएमसीचा. १९८५ चं अभयारण्य २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. झोळंबीच्या सड्यासारखी जांभ्याची विस्तीर्ण पठारं आणि त्यांच्या कडेने उतरणारी दाट रानं हे चांदोलीचं खास रूप. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा जाहीर केला, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागांत कास, राधानगरीबरोबर कोयना आणि चांदोली होत्या.

चांदोलीच्या आतल्या जुन्या पायवाटा मात्र आता माणसांसाठी जवळजवळ मिटल्या आहेत. ठरलेल्या रस्त्याने वाहनातून जायचं, ठरलेल्या ठिकाणी उतरायचं. भटक्यांना हे जाचक वाटतं, पण याचं कारण रानातच आहे. मे २०१८ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एका नराची छायाचित्रं मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून आणलेली वाघीण चांदोलीत सोडण्यात आली. गोवा-कर्नाटकच्या रानांतून राधानगरीमार्गे उत्तरेला सरकणाऱ्या वाघांसाठी ही डोंगरधार म्हणजे एकमेव सलग रस्ता. जिथे त्यांना निवांतपणा हवा आहे, तिथे आपला एखादा रविवार कमी झाला तरी चालण्यासारखं आहे.

शिवसागराच्या बाजूला अजून चालता येतं, तेवढं नीट चालावं. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते. ऑक्टोबर सरता सरता ती खुली होते आणि डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. पहिली बोट गाठावी, कारण अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधार पडायच्या आत परतावं लागतं. वासोटा आणि नागेश्वर एकाच दिवशी करायचं तर पायांना सराव हवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. चकदेव-पर्वत आणि जंगली जयगडाकडे स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याला त्याच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. जेवण-मुक्कामही बामणोली, तापोळ्याच्या घरांतच करावा. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या हातात या पर्यटनाचा पैसा पडावा, ही किमान अपेक्षा आहे.

आणखी एक काम तातडीने व्हायला हवं. बुडालेल्या गावांची, नदीच्या उतारांची आणि जुन्या घाटवाटांची नावं अजून या काठांवरच्या वृद्ध माणसांना पाठ आहेत. कोणती वाट कुठल्या ओढ्याने चढायची, कोणत्या खिंडीत पाणी होतं, बैल कुठवर जायचे आणि कुठून ओझं डोक्यावर घ्यावं लागायचं, हे त्यांच्याकडून लिहून घेता येईल. सातारा-कराडच्या महाविद्यालयांतल्या भूगोल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना, हे करता येण्यासारखं आहे. त्यातून तयार झालेला नकाशा बामणोलीच्या धक्क्यावर लावावा, म्हणजे बोटीत बसण्याआधी प्रत्येकाला कळेल की पुढचा दीड तास तो कोणकोणत्या गावांवरून जाणार आहे.